महागाची लाली आणि धाकटीचा डावा गाल

आमच्या धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, गालांवर एक अख्खा कारखाना चालतो, असं मी म्हणतो तेव्हा गॅरेजमधल्या मंडळींना वाटतं, उस्ताद आज परत सुटले. सुटलो नाही. थोडं फुगवून सांगायची सवय आहे मला, पण ही गोष्ट मुळातच एवढी मोठी आहे की फुगवायची गरज नाही.

ती पावडरी-लिपस्टिकींच्या कारखान्यात कामाला आहे. बनवायला नाही, लावून घ्यायला. तिथे चाचणीची एक खोली आहे. रोज सकाळी दहा-बारा बायका साध्या पाण्याने तोंड धुऊन आपापल्या कप्प्यात बसतात. चाचणीच्या मॅडम येतात आणि प्रत्येकीच्या डाव्या गालावर एक लाली लावतात, उजव्यावर दुसरी. कुठली कुठली ते सांगत नाहीत. मग बायकांनी दिवसभर त्या गालांनिशी राहायचं. गरम खोलीत बसायचं, पंख्याखाली बसायचं, जिने चढायचे, जेवायचं, पण गालाला बोट लावायचं नाही. खोलीत आरसा नाही. रंग कसा दिसतो ते बघायला वेगळी माणसं आहेत, यांनी फक्त काय जाणवतं ते सांगायचं. कुठे ओढल्यासारखं होतं, कुठे खाजतं, कुठे जड वाटतं. संध्याकाळी एकेकीने मॅडमसमोर बसून बोलायचं, आणि त्या बोलण्यावरून तिकडे पावडरीचं मिश्रण बदलतं.

या सगळ्या बायकांत आमची धाकटी पहिली. एकदा मी तिला न्यायला गेलो होतो, तेव्हा मॅडम स्वतः गेटपर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा गाल म्हणजे तराजू आहे." ते वाक्य मी आमच्या गल्लीत, गॅरेजात, सासुरवाडीला, सगळीकडे ऐकवलं. का ऐकवू नये? मी आठवी शिकलेला माणूस, गाड्यांना रंग मारतो. माझ्या बहिणीचं नाव एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडी.

आणि ती ते गाल सांभाळते पण तसेच. झोपते उताणी, गालाला उशी लागू देत नाही. कोणाचं लहान मूल गालगुच्चा घ्यायला आलं की ही ताट आडवं धरते. ढगाळ दिवसातही छत्री. माझी बायको म्हणते, "मला नणंद दिलीय असं सांगितलं होतं, काचेची बरणी निघाली." पण ती बोलते तेवढंच. धाकटीला फोडणीचा धूर लागू नये म्हणून तिला चुलीपासून लांब ठेवते तीच.

तर त्या सकाळी मी चहा पीत बसलो होतो. धाकटी तोंड धुऊन आली, टॉवेल तसाच हातात, तोंडावरून पाणी निथळतंय. माझ्या बायकोसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मला एक थोबाडीत दे."

"एवढ्या सकाळी? आधी चहा तरी घे."

"दे गं. डाव्या गालावर."

बायकोने तिच्याकडे नीट बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. थोबाडीत मारायचा धीर झाला नाही तिला, पुढे होऊन तिने गालाला हात घातला.

"अगं, मार ना," धाकटी म्हणाली.

"चिमटा काढला की."

"कधी?"

"आत्ता. अजून धरलाय."

मी खुर्चीतून उठलो ते मला कळलं नाही. बायकोच्या बोटांत धाकटीचा गाल धरलेला दिसत होता, पार लाल झाला होता, आणि ती बिचारी वाट बघत होती थोबाडीत कधी बसते त्याची.

आमचे वडील असेच गेले. एक बाजू गेली, मग बोलणं गेलं, मग ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात कोणाच्या हाताला मुंग्या आल्या तरी माझी झोप उडते. मी तिला म्हटलं, "हस बघू." ती हसली. ओठ दोन्हीकडे सारखा गेला. "डोळे मीट." मिटले. "तुझं नाव सांग."

"दादा, मला माझं नाव माहितीये."

"तरी सांग."

तिने सांगितलं. जीभ अडखळली नाही. तरी मी चहा तसाच ठेवून चपला घातल्या.

गल्लीच्या टोकाला डॉक्टर आहेत. त्यांनी तिला गाल फुगवायला लावले, भुवया चढवायला लावल्या, मग डोळे मिटायला सांगून गालावर कापूस फिरवला. उजवीकडे कापूस टेकला की ती "हो" म्हणायची. डावीकडे टेकला की खोलीत नुसती शांतता. डॉक्टर म्हणाले, "वडिलांना झालं तसं हे दिसत नाही. तोंड नीट हलतंय. गालाची संवेदनेची नस सुजली असावी. गोळ्या देतो. पण तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर माझ्याकडे येऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

"परत कळायला लागेल ना?" धाकटीने विचारलं.

"बहुतेक."

"कधी?"

"ते नाही सांगता यायचं. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. क्वचित थोडं राहून जातं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, मला कारखान्यात सोड.

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. पण तिचंही खरं होतं. एका बड्या कंपनीची लाली त्या दिवशी चाचणीला येणार होती. इवल्याशा डबीची किंमत माझ्या अर्ध्या महिन्याच्या कमाईएवढी. कंपनीचं म्हणणं, आमची लाली इतकी हलकी की गालावर लावल्यासारखं वाटतच नाही. एका गालावर ती, दुसऱ्यावर बाजारातली स्वस्त, आणि बायकांनी सांगायचं कुठली जाणवत नाही. या चाचणीला ज्या पहिल्यापासून शेवटपर्यंत बसतील त्यांना कायम करणार, असं मॅडमनी सांगितलं होतं. बाकीच्या रोजंदारीवर, गरज पडली तर बोलावू. आणि नियम असा, की तोंडाला काहीही झालं, पुटकुळी, ओरखडा, सर्दी, तर आधी सांगायचं आणि घरी बसायचं. सांगावं तर कायमची नोकरी गेली. दुसरं काही काम तिने कधी केलेलं नाही. सगळं शहाणपण तिने त्या दोन गालांत साठवलेलं.

गेटवर तिची मैत्रीण भेटली. जाड भिंगाचा चष्मा आहे, सगळ्या तिला ढापणी म्हणतात. धाकटीने तिला बाजूला घेऊन सांगितलं. मी जवळच होतो.

ढापणी म्हणाली, "एवढंच ना? मग डावा म्हण."

"काय डावा?"

"अगं, तुला खरंच माहीत नाही? मॅडम डाव्या गालापासून सुरू करतात. कुंचला नवा, धुतलेला असतो. धुतलेल्या कुंचल्याने आधी महागाची घेणार की स्वस्तातली? महागाचीच. म्हणून आम्ही काही कळलं नाही की डावा म्हणतो. आजवर कोणी काढलं नाही आम्हाला."

"सगळ्या?"

"सगळ्या. तू सोडून. तू आपली तराजू."

धाकटीचा चेहरा उतरला. मी मात्र म्हटलं, बाई हुशार आहे. आणि बघा, योग पण कसा. लाली चांगली ती, जी जाणवत नाही. आणि धाकटीच्या डाव्या गालाला कसलाच पत्ता नाही. तिथे लाली लावा नाहीतर भिंतीचा चुना लावा, ती म्हणणार, काही वाटत नाही. म्हणजे उत्तर डावा, ढापणीच्या हिशोबानेही डावा. मी तिला म्हटलं, "जा, बिनधास्त बस. आज तुझा गाल झोपलाय तेच बरंय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीला किक मारून निघून गेलो.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आमच्या धंद्यात रंग मारायच्या आधी पत्र्यावरून तळहात फिरवतात. डोळ्यांना दिसत नाही तो पोचा हाताला लागतो. त्या दिवशी मी दरवाज्यावरून हात फिरवत होतो आणि मनात सारखं येत होतं, उद्या हा हात असा झाला तर? पत्रा आहे की लाकूड, गरम की गार, काही नाही. मी घाबरून हात खिशात घातला. लोकांना वाटलं थंडी वाजतेय.

संध्याकाळी ती स्वतःच घरी आली. दोन्ही गाल धुतलेले. म्हणाली, "मला काढलं."

"का? डावा म्हणाली नाहीस?"

"म्हणायला गेले. तोंड उघडलं पण. मग मॅडमनी विचारलं, डावीकडे सकाळपेक्षा दुपारी फरक वाटला का? मला काय माहीत? उद्या परत बसायचंय, परवा बसायचंय, रोज काहीतरी विचारणार. रोज काय काय रचून सांगू? मला एवढी भीती वाटली की मी सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मॅडम, डावा गाल मला कळतच नाहीये."

"मग?"

"म्हणाल्या, घरी जा, बरी हो. कळायला लागलं तर ये, बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू, दादा."

ती आत गेली. बायको मला म्हणाली, "आता तिला एक शब्द बोलायचा नाही." खरं सांगायचं तर बोलायला तोंडच नव्हतं.

त्यानंतर ती घरीच बसली. धाकटी जेवताना आतून गाल चावायची आणि तिला कळायचं नाही. एकदा पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला तर कडेला रक्त. तीच विचारते, "हे कोणाचं?" बायकोने तिचं तोंड उघडून बघितलं, आतून गाल फाटलेला. तेव्हापासून ती आरशासमोर बसून जेवायला लागली. प्रत्येक घास आरशात बघून.

मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी माझा पाना पाण्यात बुडवून गार करायचो आणि तिच्या गालाला लावायचो.

"कळतंय?"

"लोखंडाचा वास येतोय."

"तेवढंच?"

"तेवढंच."

मग मी तिला हसायला लावायचो, डोळे मिटायला लावायचो, नाव विचारायचो. ती न चिडता सांगायची, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एक दिवस मी तडक दुकानात गेलो. काचेचं मोठं दुकान, आत अत्तराचा घमघमाट. माझ्या नखात रंग, चपलेवर रंग. पण आपण कोणाला भीत नाही. काउंटरवरच्या मुलीला कंपनीचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "त्यांची गालाची लाली द्या."

"कोणासाठी हवीये, सर?"

"बहिणीसाठी."

"त्वचा कशी आहे त्यांची? कोरडी, तेलकट?"

"बधीर."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. म्हणाली, "ही घ्या. इतकी हलकी आहे, लावल्यासारखं वाटतच नाही." मी म्हटलं, "ते तर तिला आत्ताच वाटत नाहीये." मग तिने किंमत सांगितली. माझा चेहरा हलला नाही. पैसे असे मोजून दिले की रोज अशा दोन नेतो. बाहेर आल्यावर मात्र खांबाला टेकून उभा राहिलो.

का घेतली? मला ती वस्तू एकदा बघायची होती, जिच्यापायी आमचा जीव टांगणीला लागला. आणि धाकटीचा गाल परत आला तर तिला घरीच सराव व्हावा, असंही होतं. स्वस्तातली तिच्याकडे होतीच.

आता रंगातलं मला कळतं, म्हणून सांगतो. डबी जड, झाकण महागड्या गाडीच्या दारासारखं मिटतं, आवाज पण तसाच. आतली पावडर बारीक, बोटांत चोळली तर कण लागत नाही. दोन्ही लाल्या मी गॅरेजात एका पांढऱ्या पत्र्यावर ओढून बघितल्या. स्वस्तातली ठिपक्याठिपक्यांनी बसते, कडेला रेघ राहते. महागाची अशी पसरते की कुठे संपली ते दिसत नाही. रंगाऱ्याला याहून मोठी गोष्ट नाही. मग तोच पत्रा उन्हात ठेवला. दुपारपर्यंत दोन्हींचा रंग उतरला, सारखाच. मला राग आला. मी मारलेला रंग वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याच्यावर माझं नावसुद्धा नसतं.

घरी रोज सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. धाकटीने डोळे मिटायचे, माझ्या बायकोने एका गालावर एक लावायची, दुसऱ्यावर दुसरी, कुठली कुठे ते सांगायचं नाही. पहिल्या दिवशी धाकटी म्हणाली, "डावीकडे काही नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे. महागातली आहे, जाणवणारच नाही."

बायको म्हणाली, "मग तुमचं डोकं पण महागातलंच असणार."

धाकटी हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. उजव्या गालावरचं तिने पुसलं. डाव्या गालावरचं तसंच ओघळत राहिलं, तिला पत्ताच नाही. बायकोने पदराने टिपलं. मी डबी मिटून कामावर गेलो.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी धाकटी ओरडली. मी धावत गेलो. डावा गाल तळहाताने झाकून ती भिंतीला टेकली होती, पांढरीफटक. मला वाटलं, आलं. ज्याची भीती होती तेच आलं.

"हस," मी म्हटलं. "हस आधी."

"दादा, मुंग्या. आतून मुंग्या चालतायत."

आम्ही तसेच डॉक्टरांकडे. ते म्हणाले, चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय. आम्ही घरी आलो तरी कोणी आनंद केला नाही. धीरच होत नव्हता. धाकटी तर म्हणाली, "मुंग्या म्हणजे गाल नव्हे. मुंग्यांना लाली कशी कळणार?" गालाच्या वरच्या भागात आधी कळायला लागलं, मग ओठाजवळ. मधला रुपयाएवढा तुकडा शेवटपर्यंत मेलेला. मी पाना लावायचो तेव्हा ती बोटाने दाखवायची, इथे गार, इथे गार, इथे नाही.

आणि एके दिवशी बायकोने लाल्या लावल्या, तर डोळे मिटलेले असतानाच धाकटी म्हणाली, "डावीकडे काहीतरी बसलंय. माशी बसल्यासारखं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. डावीकडे महागाची होती.

"उजवीकडे?"

"उजवीकडे पण आहे. जास्त."

दुसऱ्या दिवशी बायकोने उलट लावली, तर धाकटी म्हणाली, डावीकडे जास्त. मी टाळी वाजवली. ती मात्र दिवसभर डोळे मिटून त्या गालांबरोबर बसून राहिली आणि जेवणं झाल्यावर तिने आम्हाला निकाल सांगितला. महागाची हलकी आहे, हे खरं. पण लावल्यासारखं वाटतच नाही, हे खोटं. पहिला काही वेळ फरक कळतो. घाम आला, जेवण झालं, की दोन्ही सारख्याच जड.

"मग एवढे पैसे कशाचे?" बायकोने विचारलं.

"त्या पहिल्या थोड्या वेळाचे. आणि डबीचे."

"एवढ्यात मला छताचा पंखा आला असता. तो दिवसभर कळला असता."

मी म्हटलं, ज्या बाईला कुठेतरी जाऊन तेवढाच थोडा वेळ उभं राहायचंय आणि त्या वेळावर तिचं सगळं अवलंबून आहे, तिने घ्यावी. बाकीच्यांनी स्वस्तातली घेऊन नीट पसरावी. पसरायचा हात महत्त्वाचा. हे माझं मत, आणि रंगाच्या बाबतीत माझं मत चुकत नाही.

त्याच आठवड्यात ढापणी घरी आली. चष्मा काढून पुसत बसली.

"काय झालं गं?"

"पकडलं," ती म्हणाली. "त्या महागाच्या लालीला सगळ्यांनी डावा सांगितलं. पहिल्या दिवशी डावा, दुसऱ्या दिवशी डावा, रोज डावा. कोणाच्या कुठल्या गालावर काय लावलं होतं, ती यादी मॅडमनी काल उघडली. अर्ध्या बायकांच्या डाव्या गालावर स्वस्तातली होती."

"मग?"

"चाचणी बाद. आता सगळ्यांना एकेकटं बोलावतायत. परत घेतील त्यांना घेतील. तुला पण निरोप आहे."

धाकटीने डाव्या गालाला हात लावला. मी विचारलं, "गाल कसाय?" ती म्हणाली, "आज कळतोय. उद्याचं काय सांगू?"

ठरलेल्या दिवशी मी तिला सोडलं आणि समोरच्या फुटपाथवर थांबलो. आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. दुपार कलली. एकेक बाई बाहेर येत होती, तोंड धुतलेली. ढापणी आली, माझ्याकडे न बघता निघून गेली. तेव्हाच माझं काळीज अर्धं झालं.

मग धाकटी गेटातून बाहेर आली. तोंड धुतलेलं नव्हतं. उजवा गाल छान गुलाबी, आणि डावा पार फिका. मधून रेघ ओढल्यासारखं अर्धं तोंड उतरलेलं. आता ही पडणार, इथेच रस्त्यावर पडणार. मी गाड्या न बघता धावलो. एक रिकामा टेम्पो करकचून थांबला, त्यातला माणूस शिव्या देत होता. मी तिचे दोन्ही खांदे धरले.

"हस. नाव सांग. हात वर कर."

"दादा, सोड. काही झालं नाही. डावीकडे लावलंच नव्हतं."

"काय?"

"मॅडमनी नुसता कुंचला फिरवला. कोरडा. बाकीच्या डावा हलका म्हणाल्या असतील."

मी तिथेच कठड्यावर बसलो. ती शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. डावा गाल झोपल्यासारखा गप्प होता. कुंचला फिरलेला कळला, पण त्यानंतर काही नाही. माशी नाही, ओढ नाही. गरम खोलीत बसली तरी काही नाही. ती कप्प्यात एकटी बसून घामाघूम झाली. गाल परत मेला. आज, नेमका आज. हात लावायचा नाही, आरसा नाही, विचारायला कोणी नाही. डावा म्हणावं, की गाल गेला म्हणून सांगून घरी यावं?

"मग पंख्याखाली बसवलं," ती म्हणाली. "मी डोळे मिटले. वारा उजवीकडे लागला. मग डावीकडे. सारखाच गार, दादा. उलट डावीकडेच जास्त. मग मला कळलं की गाल आहे. गाल आहे आणि त्याच्यावर काही नाहीये."

"तसं सांगितलंस?"

"हो. म्हटलं, मॅडम, डाव्या गालावर तुम्ही काही लावलेलं नाही. चुकले असेन तर मला आत्ताच सांगा. त्यांनी वही मिटली."

"आणि?"

"म्हणाल्या, सोमवारपासून ये. कायम."

मी उठलो, माझी गाडी आणली. मनात होतं, आधी गॅरेजात जाऊन सगळ्यांना सांगायचं, मग गल्लीत, मग सासुरवाडीला फोन. ती मागे बसली. माझा शर्ट तिने दोन्ही मुठींनी घट्ट धरला होता. मी गाडी जोरात सोडली.

"दादा, हळू चालव," ती म्हणाली. "डाव्या बाजूला वारा लागतोय."

मी हळू केली नाही.